"यात प्रोटीन कुठलं?" : टीव्हीवर शाकाहारी स्वयंपाक का दिसत नाही?

आजोळ
शनिवार, रात्री १०:१५

माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनात आली आहे. बाहेर थंडी आणि तिला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे दुपारी ती आणि टीव्ही. मालिका ती रात्री फोनवर बघते, दुपारी मात्र फूड नेटवर्क. भाषा निम्मीच कळते, पण हात कळतात. "कांदा बघ कसा चिरलाय", "तेल तापायच्या आत टाकलं याने" असं चाललेलं असतं. माझी अकरा वर्षांची लेक शाळेतून आली की आजीला चिकटून बसते. दोघींचा लाडका कार्यक्रम म्हणजे चॉप्ड ज्युनियर या मुलांच्या स्वयंपाक स्पर्धेचे जुने भाग. टोपलीत चार जिन्नस असतात, स्टार्टर, मुख्य पदार्थ आणि गोड अशा तीन फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत एक मूल घरी जातं.

महिन्याभरापूर्वी एका रविवारी दोघींनी मिळून पिठलं केलं. लेकीने ते पांढऱ्या बशीच्या मधोमध गोल लावलं, वर कोथिंबिरीची एकच काडी ठेवली, बाजूला भाकरीचा त्रिकोण. मग स्पर्धक उभे राहतात तशी हात मागे बांधून उभी राहिली. आणि एकदम चेहरा पडला. म्हणाली, "पण आजी, यात प्रोटीन कुठलं?"

आई म्हणाली, "अगं, सगळंच डाळीचं पीठ आहे ते."

लेकीला पटलं नाही. तिच्या डोक्यात प्रोटीन हे पोषणद्रव्य नाहीच, ते बशीतल्या मधल्या जागेचं नाव आहे. या कार्यक्रमांत सतत हेच कानावर पडतं, तुमचं प्रोटीन कोणतं, प्रोटीन कोरडं झालंय, प्रोटीनला विश्रांती द्या. तिथे कोंबडी, मासा, गाय किंवा डुक्कर असतं. भाजी त्याच्या कडेला. आम्ही घरात पूर्ण शाकाहारी, त्यामुळे तिने सरळ हिशोब मांडला की आपल्या जेवणात मधली जागा रिकामीच असते.

नंतर तीन आठवडे मी मुद्दाम त्यांच्यासोबत बसले. गोडाचे भाग सोडले तर मला एकही अख्खा भाग असा दिसला नाही, ज्यात मांस नव्हतं. फूड नेटवर्क १९९३ साली सुरू झालं, म्हणजे तीस वर्षं उलटून गेली. इतक्या वर्षांत शाकाहारी स्वयंपाक हीच ज्याची ओळख आहे आणि जो वर्षानुवर्षं टिकलाय, असा एकही मोठा कार्यक्रम मला आठवत नाही. पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर 'क्रिस्टिना कुक्स' आणि 'जॅझी व्हेजिटेरियन' होते, पण ते शनिवारी सकाळी कुठेतरी, ज्याला माहीत आहे त्यालाच सापडणारे. कुकिंग चॅनलवर २०१३ मध्ये 'हाउ टु लिव्ह टु हंड्रेड', म्हणजे 'शंभर वर्षं कसं जगावं', नावाचा एक व्हेगन (दूध-अंडीही वर्ज्य) कार्यक्रम आला होता. त्याच्या नावातच औषध आहे.

मला मनापासून विचारायचंय, तुम्ही जिथे राहता तिथे काय दिसतं? आणि असं का?

लिंबलोण
शनिवार, रात्री ११:०२

पिठल्याचा प्रसंग वाचून गलबलून आलं. नातीला सांगा, आम्हाला दोन वेळा वाढ.

इथे पुण्यात तक्रार वेगळी आहे. मराठी वाहिन्यांवर दुपारचे पाककृतींचे कार्यक्रम वर्षानुवर्षं चालले, झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये', ई टीव्हीवर 'मेजवानी'. त्यात शाकाहारी पदार्थच जास्त असायचे. हिंदीत 'खाना खजाना' १९९३ पासून होता, त्यात दोन्ही असायचं. आणि तरला दलाल. त्यांनी जन्मभर फक्त शाकाहारी शिकवलं, टीव्हीवरही तेच, आणि २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझी आई पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर बसायची. वही हाताशी नसेल तर कालनिर्णयच्या पानावर, आधीच छापलेल्या पाककृतीच्या कडेला, आडवंतिडवं लिहायची. दूधवाल्याचा हिशोब आणि व्हेज मंचुरियन एकाच चौकोनात.

पण बघा, तेव्हाच्या कार्यक्रमात एक बाई किंवा बुवा उभे राहून शिकवायचे. चूक झाली तर काय करायचं तेही सांगायचे. आता शिकवणारे गेले आणि गुण देणारे आले. स्पर्धेत भाजी मागे पडते असं मला वाटतं. शिवाय जे शाकाहारी उरलंय त्यात दर दुसऱ्या दिवशी पनीर. वर चीज, मेयोनीज, पुडीतला मसाला. चाकवत, अंबाडी, घोळू, माठ, करडई यांतलं काही टीव्हीवर शेवटचं कधी बघितलंत? नाहीसा झालाय तो भाजीचा स्वयंपाक. पनीरला काय मरण आहे!

देवराई
शनिवार, रात्री ११:२०

पनीरबद्दल +१००. लग्नातही तेच.

खाडीपलीकडे
रविवार, सकाळी ७:४८

मी अलिबागकडची, मासे खाणारी. माझं म्हणणं सगळ्यांना आवडेलच असं नाही, पण मोकळेपणाने सांगते.

लिंबलोण यांनी लिहिलंय ते खरं आहे, मराठी टीव्हीवर दुपारी शाकाहारीच जास्त असायचं. पण आमच्या घरात ते बघताना आईला कायम वाटायचं की हे आपलं नाही. २०१४ च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत पंधरा वर्षांवरच्या साधारण ७१ टक्के भारतीयांनी आपण मांसाहारी असल्याचं सांगितलं होतं. तरी 'घरगुती मराठी जेवण' म्हटलं की वरण-भात, बटाट्याची भाजी, श्रीखंड. सुकट, जवळा, बोंबील, खेकड्याचं कालवण हे एक तर 'कोकण स्पेशल' नाहीतर 'झणझणीत'. कोळी-आगरी बाईला टीव्हीवर बोलावलं की आधी नाचायला लावायचं आणि मग जेमतेम एक पदार्थ. त्यामुळे "शाकाहाराला टीव्हीवर जागा नाही" हे वाक्य मराठीत ऐकलं की माझ्या पोटात थोडं कालवतं. आजोळ यांच्या अमेरिकेतल्या टीव्हीबद्दल ते शंभर टक्के खरं असेल. इथे जागा कोणाला होती, हा प्रश्न वेगळा.

आता दुसरी बाजू. मासे खाणाऱ्या घरांतलं शाकाहारी जेवण तर कोणीच दाखवलं नाही. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, संकष्टी, अख्खा श्रावण. त्या दिवसांचा स्वयंपाक काही उपाशीपणाचा नसतो. कडव्या वालाचं बिरडं हा पदार्थ माझ्या मते कुठल्याही मटणाला उत्तर आहे. पण त्याला दोन दिवस लागतात. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. आमच्या ओटीवर संध्याकाळी चार बायका परातीभोवती बसायच्या. वाल दोन बोटांत धरून दाबला की सालातून सुळकन निसटतो, कधी समोरच्या बाईच्या मांडीवर. बोटांची टोकं सुरकुततात, त्यांना उग्र वास लागतो. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात याचं काय दाखवणार? "सोललेले वाल एक वाटी" एवढंच. पदार्थाचा निम्मा जीव त्या एका ओळीत गेला.

आजोळ
रविवार, सकाळी ८:३०

खाडीपलीकडे, तुमचं म्हणणं आवडलं नाही असं कसं होईल? मी सांगलीच्या ज्या घरात वाढले तिथे टीव्हीवरचं जेवण आमच्या जेवणासारखंच दिसायचं, त्यामुळे मला तेव्हा काही खुपलं नाही. आता इथे ते उलट झालं, म्हणून खुपतंय. तुमच्या आईला जे वाटायचं ते माझ्या लेकीला आज वाटतंय.

वाल सोलण्याबद्दल सवडीने विचारीन. इथे इंडियन दुकानात गोठवलेले मिळतात.

पाऊसपाणी
रविवार, दुपारी १:१०

इंग्लंडमधल्या लेस्टरहून. इथल्या टीव्हीवर शाकाहारी कार्यक्रम होऊन गेलेत, अगदी नाहीत असं नाही. बीबीसीवर १९८० च्या दशकात सारा ब्राउन यांची शाकाहारी स्वयंपाकाची मालिका होती. मधुर जाफरी त्याच्या आसपासच, १९८२ मध्ये आल्या, पण त्यांच्या कार्यक्रमात दोन्ही असायचं. मग २०११ मध्ये चॅनल फोरवर ह्यू फर्नली-विटिंगस्टॉल यांनी 'रिव्हर कॉटेज व्हेज' केलं. एक मांसप्रेमी माणूस उन्हाळाभर मांस सोडतो, अशी त्याची गोष्ट. २०१९ मध्ये जेमी ऑलिव्हरचं 'मीट-फ्री मील्स', २०२० च्या जानेवारीत आयटीव्हीवर 'लिव्हिंग ऑन द व्हेज'.

या यादीत मला एक गोष्ट दिसते आणि ती मला बोचते. बहुतेक ठिकाणी शाकाहार म्हणजे काहीतरी सोडणं. त्याने मांस सोडलं, मग बघू या काय होतं. नावातच 'मीट-फ्री'. जानेवारी आला की इथे व्हेगन्युअरी, म्हणजे महिनाभर व्हेगन राहायची मोहीम असते, २०१४ पासून, आणि तेव्हाच वाहिन्यांना भाज्या आठवतात. ख्रिसमसला भरपूर खाल्लं, आता महिनाभर प्रायश्चित्त. आपल्याकडे श्रावण स्पेशल, उपवास स्पेशल, तसंच. खाडीपलीकडे म्हणाल्या की त्यांचा श्रावणाचा स्वयंपाक उपाशीपणाचा नसतो, ते वाक्य मी इथल्या वाहिनीवाल्यांना भाषांतर करून पाठवावं म्हणते. तीन पिढ्या ज्यांनी काही सोडलेलंच नाही, जे पहिल्यापासून असंच जेवतात, त्यांचा स्वयंपाक स्वतःच्या पायावर उभा आहे. त्याची मालिका मला अजून इथे दिसायची आहे.

एक प्रसंग मात्र फार सुंदर होता. 'ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' या बेकिंगच्या स्पर्धेत २०१८ साली पहिल्यांदा व्हेगन आठवडा झाला. अंड्याचा पांढरा भाग साखर घालून फेटून भाजतात ते मेरँग, पण अंड्याशिवाय करायचं होतं. त्यासाठी छोले शिजवलेलं पाणी घुसळतात, त्याला ॲक्वाफाबा म्हणतात. घुसळता घुसळता ते पांढरंशुभ्र, घट्ट, भांडं उलटं केलं तरी पडणार नाही असं होतं. माझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई, हा तर कट!" पुरणासाठी डाळ शिजवून जे पाणी निथळतो, तोच कट. आपण त्याला गोडा मसाला, भाजलेलं खोबरं, चिंच-गूळ घालून आमटी करतो, त्यांनी त्याचा फेस केला. डाळीच्या पाण्यात दम आहे, हे दोघांनाही कळलेलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हरभऱ्याची डाळ शिजवली, कट गार केला आणि हॅन्ड मिक्सर लावला. फेस आला, पण बसला. तेव्हा डब्यातल्या छोल्यांचं पाणी घेऊन पुन्हा केला, तो टिकला. सत्तर वर्षांच्या बाईला मी स्वयंपाकात इतकं हरखलेलं क्वचित पाहिलंय. त्या पर्वात जिंकला तोही मूळचा कोलकात्याकडचा, राहुल मंडल.

पडद्यामागे
रविवार, रात्री ९:५५

खूप दिवसांनी लिहितोय. मी मुंबईत आठ-नऊ वर्षं अशा कार्यक्रमांच्या सेटवर काम केलंय, आधी भांडी धुणारा आणि चिरून देणारा, नंतर फूड स्टायलिस्टच्या हाताखाली. कोणत्या वाहिनीवर ते सांगत नाही. "असं का" या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर देतो.

एक, आवाज. तापल्या तव्यावर मांस टाकलं की जो चर्रर्र आवाज येतो तो माइकला हवा असतो. वांगं टाकलं की आधी गप्प बसतं, तेल पितं आणि मग हळूच बोलायला लागतं. दिग्दर्शकाला तेवढा धीर नसतो.

दोन, दिवे. मेथी, पालक, शेपू परतल्यावर दहा मिनिटांत रंग सोडतात. क्लोज-अप घेईपर्यंत काळपट. आम्ही पालक उकळत्या पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात टाकायचो, वरून तेलाचा हात फिरवायचो, तरी दोन टेकमध्ये मान टाकायचा. भाकरीचं तर विचारूच नका. फुगलेली भाकरी कॅमेऱ्यासाठी थांबत नाही. माझ्या समोर एका ताईंना सहा भाकऱ्या थापायला लावल्या, कारण प्रत्येक वेळी ती फुगायची तेव्हा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर होता. सहाव्या वेळेला त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुम्ही भाकरीकडे बघा, माझ्याकडे नका बघू." तो शॉट मिळाला.

तीन, वेळ. दिवसाला तीन-चार भाग चित्रित होतात. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं हे सगळं आदल्या रात्री कोणीतरी करून आणायचं आणि पडद्यावर "हे आपण आधीच करून ठेवलंय". खाडीपलीकडे यांच्या त्या चार बायका म्हणजे अशा वेळी आम्ही. वाल मीही सोललेत, पहाटे चार वाजता, एकटाच.

चार, पैसा. पुरस्कर्ता तेलाचा असला की तळण वाढतं, मसाल्याचा असला की लाल रस्सा वाढतो, डेअरीचा असला की चीज. लाल माठाचा पुरस्कर्ता कोण होणार? जुडी बांधणाऱ्या बाईकडे जाहिरातीचं बजेट नसतं. आजोळ, तुमच्या अमेरिकेत तर गोमांसाच्या प्रचारासाठी विकल्या जाणाऱ्या दर जनावरामागे एक डॉलर कायद्याने गोळा होतो. "रात्रीच्या जेवणाला बीफ" सांगणारी त्यांची मोहीम १९९२ पासून चालू आहे. मुगाच्या मागे असं कोण उभं आहे?

लिंबलोण
रविवार, रात्री १०:१२

पडद्यामागे, तुम्ही यावर स्वतंत्र लेख लिहाच. भाकरीचा प्रसंग डोळ्यासमोर उभा राहिला.

वऱ्हाडवारा
सोमवार, सकाळी १०:३०

मास्टरशेफ इंडियाचं चौथं पर्व कोणी बघितलं नव्हतं का? २०१५, स्टार प्लस. पूर्ण पर्व शाकाहारी होतं. परीक्षक संजीव कपूर, विकास खन्ना, रणवीर ब्रार. जिंकली निकिता गांधी. म्हणजे असं होऊ शकतं हे सिद्ध झालेलं आहे. तेव्हा बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली की मांसाशिवाय कसली स्पर्धा. मला ते पर्व आवडलं होतं. पण पुढे वाहिन्यांनी त्याला अपवादच मानलं.

आणि सातव्या पर्वात, २०२३ मध्ये सोनीवर, काय झालं आठवतंय? एक जैन स्पर्धक होत्या, त्या मांस-मासे शिजवायच्या नाहीत. माशाच्या फेरीत त्यांना पनीर दिलं गेलं आणि समाजमाध्यमांवर त्यांच्यावर केवढी टीका झाली, परीक्षक झुकतं माप देतात म्हणून. माझ्या मते चूक त्या बाईंची नव्हती. मासा काढून तिथे पनीर ठेवलं, म्हणजे मधली जागा तशीच राहिली, फक्त जिन्नस बदलला. त्यांना पाटवड्या, नाहीतर फणसाची कुयरी दिली असती, आणि बाकीच्यांनाही तीच, तर खरी परीक्षा झाली असती. बेसन घोटताना गुठळी होऊ न देणं, थापताना नेमकी जाडी ठेवणं, रस्स्यात टाकल्यावर वडी फुटू न देणं, हे काय माशाचे काटे काढण्यापेक्षा सोपं आहे?

मुक्कामपोस्ट
सोमवार, दुपारी ४:०५

मला प्रामाणिकपणे वाटतं की हा प्रश्न जुना झालाय. टीव्ही बघतं कोण? यूट्यूबवर 'मधुराज रेसिपी' आहे, नगरकडच्या 'आपली आजी' आहेत, चुलीवर करणारे कितीतरी आहेत. हवी ती भाजी शोधा, दहा व्हिडिओ मिळतात. मी दुबईत एकटा राहतो, वरणाची फोडणी यूट्यूबवर शिकलो. आता आठवड्यातून दोनदा उसळ करतो.

आजोळ
सोमवार, रात्री ९:४०

मुक्कामपोस्ट, मीही तिथेच शिकते, त्या सगळ्यांचे उपकार आहेत. पण यूट्यूबवर तुम्हाला जे हवं ते तुम्ही शोधता. माझ्या लेकीने पिठलं कधी शोधलंच नसतं. टीव्ही न शोधता समोर येतो. शाळेत तिच्या मैत्रिणी जे बोलतात ते त्याच कार्यक्रमांबद्दल असतं, आणि तिथे उभं राहून शाबासकी मिळवणारा स्वयंपाक कोणता, हे सगळ्या मुलांना एकदम कळतं.

इथल्या मास्टरशेफच्या सहाव्या पर्वात, २०१५ मध्ये, हेतल वासवडा नावाची स्पर्धक होती. स्वतः शाकाहारी, पण स्पर्धेसाठी मांस शिजवायची. मी तेव्हा तिचं कौतुक करत बघायचे. आता लेकीच्या नजरेतून आठवलं आणि वाटलं, चव न घेता शिजवायचं आणि त्यावर निकाल ऐकायचा, केवढं ओझं असेल ते.

वऱ्हाडवारा, तुमचं 'मधली जागा तशीच राहिली' हे अगदी मला म्हणायचं होतं तेच, मला शब्द सापडत नव्हते. काल मी आईला म्हटलं, आपण ताट वाढू, बशी नको. आईने साग्रसंगीत वाढलं. मीठ, लिंबू, डावीकडे तिळाची चटणी, काकडीची कोशिंबीर, उजवीकडे बटाट्याची भाजी, वाटीत आमटी, समोर वरण-भाताची मूद, वर तूप. लेकीने स्पर्धेतल्या परीक्षकासारखं वाकून बघितलं आणि विचारलं, "यातला मेन कुठला?" आई म्हणाली, "जेवताना ठरतं." मग तिला दाखवलं, पहिला घास वरण-भाताचा, मग भाजी, मध्ये चटणीचं बोट, तोंड भाजलं की कोशिंबीर, शेवटी ताक-भात. दर घासाला दुसराच पुढे येतो.

मला वाटतं हे कॅमेऱ्याला पकडता येईल. एका बशीवर रोखलेला कॅमेरा उचलून जेवणाऱ्याच्या हाताबरोबर फिरवायचा. पडद्यामागे, होईल का हो असं?

पडद्यामागे
सोमवार, रात्री ११:३०

होईल. वरून एक आणि ताटाच्या कडेला एक, दोन कॅमेरे पुरतात. जेवणारा माणूस मात्र खरा भुकेला हवा. सेटवर कोणी जेवत नाही, सगळे एक घास घेऊन डोळे मिटतात.

तिरफळ
मंगळवार, सकाळी ११:१५

फोंड्याहून लिहिते. आमच्या गोव्याचं तर विचारू नका. गोव्यावर जेवढे खाण्याचे कार्यक्रम होतात त्यात मासे, शाकुती, विंदालू, समुद्र आणि गिटार. आमच्याकडे शाकाहारी जेवणाला 'शिवराक' म्हणतात. सोमवार शिवराक, सण शिवराक. देवळांचा अख्खा पट्टा आहे इथे आणि त्या देवळांच्या जेवणावळी आहेत. त्या जेवणावर मी टीव्हीवर एकही धड कार्यक्रम पाहिलेला नाही.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, खतखतं करतात. तुरीची डाळ आणि हाताला लागतील तितक्या भाज्या, सुरण, कणंग, रताळं, मुळा, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस, नीरफणस मिळाला तर तोही. ओल्या नारळाचं वाटण, आमसुलं, गूळ, आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. तिरफळाची बी काळीभोर असते, ती काढून टाकायची, फक्त साल घ्यायची. नवख्याने अख्खं चावलं तर जीभ पाच मिनिटं बधिर होते. माझ्या काकी प्रत्येक भाजी वेगवेगळ्या वेळी घालतात. सुरण पहिल्यांदा, भोपळा सगळ्यात शेवटी, म्हणजे तो विरघळत नाही. घड्याळ बघत नाहीत, मुळ्याचा वास बदलला की पुढची भाजी. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी कितीदा हुंगलं, मला अजून तो बदल नेमका कळत नाही. हे शिकवणारा कार्यक्रम मला हवाय, आणि काकींचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे.

पाऊसपाणी
मंगळवार, दुपारी २:४५

तिरफळ, काकींचा व्हिडिओ तुम्हीच करा, फोनवर. आवाज चांगला येईल एवढं बघा. वाहिनीची वाट बघू नका, प्लीज.

तिरफळ
मंगळवार, दुपारी ३:२०

विचारलं होतं. म्हणाल्या, "कॅमेरो धरशी तर पेज कोण ढवळतलो?" पण यंदा चवथीला भावाला धरायला लावते.

आजोळ
बुधवार, रात्री ८:१०

खाडीपलीकडे, आता वालाचं. दुकानात कडवे वाल सुके मिळाले, पाकिटावर नुसतं 'वाल' लिहिलंय. आईच्या माहेरी हा पदार्थ नव्हता, त्यामुळे तिलाही नवीन. काल रात्री भिजवले. आज सकाळी फडक्यात बांधून ओव्हनमध्ये ठेवलेत, ओव्हन बंद, आतला दिवा फक्त चालू, कारण घर फार गार आहे. बरोबर केलं ना? लेकीने फडक्यावर चिठ्ठी लावलीय, "हात लावू नये".

खाडीपलीकडे
बुधवार, रात्री १०:४०

अगदी बरोबर. आमच्याकडे थंडीत तांदळाच्या डब्यात ठेवतात, तुमचा दिवा तेच काम करेल. फडकं सुकू देऊ नका, रात्री एकदा पाण्याचा हबका मारा. मोड बोटाच्या नखाएवढे आले की पुरे, लांब झाले तर वाल गोडसर होतात आणि बिरड्यात तो कडवटपणा हवा.

सोलायच्या आधी अर्धा तास कोमट पाण्यात. गरम नको, शिजतील. मोडाच्या उलट्या टोकाला धरून दाबायचं. दोन डाळिंब्या सुट्या झाल्या तरी चालेल, पण मोड मोडू नका.

फोडणीत मोहरी, हिंग, हळद, बारीक चिरलेला कांदा. वाल टाकले की डावाने ढवळू नका, पातेलंच दोन कानांना धरून हलवा. झाकणावर पाणी ठेवा आणि तेच गरम पाणी लागेल तसं आत घाला. वाल बोटाने चेपला जायला लागला की मग आमसुलं आणि गूळ, आधी नाही, नाहीतर वाल दडदडीत राहतात. शेवटी नारळाचं दूध, एकच उकळी.

सोलायला लेकीला आणि आईला समोरासमोर बसवा. परात मोठी घ्या.

आजोळ
शुक्रवार, रात्री ९:०५

सोलून झाले, दीड तास लागला. सहा वाल सोफ्याखाली गेलेत, लेक टॉर्च घेऊन शोधतेय. डाळिंब्या मोजल्यावर एक वाटी आणि थोड्या भरल्या. नारळाचं दूध डब्यातलं चालेल का, की खवलेला गोठवलेला नारळ आणून काढू?

खाडीपलीकडे
शुक्रवार, रात्री ९:१२

खवलेला आणा. कोमट पाण्यात मिक्सरला फिरवून हाताने पिळा. पहिलं दूध वेगळं ठेवा.